तव्यावरची पाच मिनिटं

मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरलं. थरथरलं म्हणजे किती, तर मधोमध एक बारीकसं कडं उमटलं, काठापर्यंत गेलं आणि मिटलं. शेजारच्या डबीतल्या काचपट्ट्या एकमेकींना लागून किणकिणल्या. बस्स, एवढंच. दारात टेकून उभा असलेला स्टोअरवाला म्हणाला, "ट्रक गेला वाटतं," आणि पुन्हा आपल्या जावयाच्या कागाळ्या सांगायला लागला. आत करवतीपाशी बसलेल्या पापुद्रेनं मात्र हातातला दगड तसाच धरून ठेवला. खिडकीमागच्या गल्लीतून ट्रक जात नाहीत. ती गल्ली पुढं शाळेच्या भिंतीला जाऊन संपते, आणि तिथून सायकलीशिवाय काही गेल्याचं त्यानं एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यानं पेल्याकडं पाहिलं. पाणी आता काही घडलंच नाही अशा साळसूदपणे उभं होतं. "अहो पापुद्रे, लक्ष कुठंय? मी काय सांगतोय?" स्टोअरवाला म्हणाला. "ऐकतोय," तो म्हणाला, आणि पेल्यावरची नजर काढली नाही.

पापुद्रे हे काही त्याचं आडनाव नव्हे. दगडांच्या प्रयोगशाळेत त्याचं काम दगडाचा पापुद्रा काढण्याचं, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. दगडाचा तुकडा हिऱ्याच्या पात्यानं कापायचा, काचपट्टीवर गोंदानं बसवायचा, आणि मग आधी चक्रावर, नंतर हातानं, घासत घासत इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार यावा. कांद्याचा आतला पापुद्रा असतो ना, तेवढा. यंत्रं आली, पण शेवटचा हात त्याचाच. बोटाच्या पेरांना कळतं कुठं थांबायचं, पुढं एक फेरा गेला की दगड संपला, नुसती काच उरली. लोकांची हयात दगड फोडण्यात जाते, त्याची दगड पातळ करण्यात गेली. असे काप आतल्या खोलीतल्या बाई सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्यांचं काम पाण्याचं होतं. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण दगडात पाणी असतं. जमिनीच्या पोटात मैल मैल खोल भेगा असतात, त्यातून पाणी फिरतं, जाताना दगडातलं काही विरघळवून नेतं, दुसरीकडं नेऊन साठवतं, आणि त्या साठ्याचं स्फटिक होताना पाण्याचा एखादा थेंब आतच कोंडला जातो. डोळ्याला न दिसणारा थेंब. तो तिथं किती काळ कोंडलेला असतो कोण जाणे. बाई तो थेंब हळूहळू तापवायच्या. थेंबात एक बुडबुडा असतो, तापता तापता तो लहान होतो आणि एका क्षणी नाहीसा होतो. ज्या उष्णतेला तो नाहीसा झाला, साधारण तेवढ्या उष्णतेत ते पाणी कोंडलं गेलं. आणि थेंबात बुडबुडाच नसेल, तर पाणी गार असताना कोंडलेलं. बाईंनी हे त्याला पहिल्या वर्षी समजावलं होतं आणि तो घरी जाऊन बायकोला म्हणाला होता, दगडाला आठवण असते. बायको म्हणाली होती, "दगडाला असते, तुम्हाला नसते. दूध आणायला सांगितलं होतं."

दुपारी डबा न उघडताच त्यानं धाकटीला फोन लावला. धाकटी म्हणजे त्याची धाकटी मुलगी, साठेक किलोमीटरवर खोऱ्यात एका पंपघरात पाळीवर असते. तिथं कारखान्यांचं खारट सांडपाणी दीड किलोमीटर खोल बोअरमधून दगडात जिरवतात. राहायला जागाही तिथंच, बोअरपासून हाकेच्या अंतरावर, खाली तीन वाड्यावस्त्या आणि मध्ये एक शाळा. "हो, इथं हललं जरा," ती म्हणाली, जसं कुणी म्हणावं की आज जरा ऊन आहे. "कपाटाचं दार उघडलं आपोआप. आमचे साहेब म्हणाले, जमीन बसते कधीकधी. तुम्ही जेवलात का?" तो जेवलो म्हणाला. "आणि बाबा, तुम्हीच नाही का सांगितलंत, तिथला दगड मेलेला आहे म्हणून?" ती हसली. सांगितलं होतं. तिची तिथं बदली झाली तेव्हा तिच्या आईनं तोंड वाकडं केलं, जमिनीत पाणी कोंबणं म्हणजे काय ते, आणि यानं छाती पुढं काढून सांगितलं होतं की तिथल्या दगडाचे काप मी स्वतः केलेत, त्यातल्या भेगा केव्हाच्या बुजल्यात, काळजीचं कारण नाही. भिंतीवर लावलेल्या त्या कागदाकडं बोटही दाखवलं होतं. बाईंच्या अहवालाचं शेवटचं पान होतं ते. त्यात लिहिलं होतं की हे काम ज्यांच्या हातांशिवाय झालं नसतं ते आमचे काप करणारे सहकारी. बायकोनं ते फ्रेम करून घेतलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायची.

फोन ठेवल्यावर त्याला तवा आठवला. आठवला म्हणणं खोटं आहे, तो विसरलाच कधी होता. चार वर्षं तो तवा त्याच्या डोक्यात मागच्या बाजूला असायचा. रोजच्या साध्या कापांसाठी गोंद प्रयोगशाळेतल्या विजेच्या गरम तव्यावर बसवतात, दहा मिनिटांत काम होतं. पण ज्या दगडातलं पाणी बघायचं, त्याला तवा वर्ज्य. गरम झालं की आतला थेंब फुगतो, पांढरं मऊ स्फटिक ताणलं जातं, थेंबाची जागा मोठी होते आणि गार झाल्यावर त्या जागेत बुडबुडा पडतो, नव्हता तिथंही पडतो. मग बाईंनी कितीही जपून मोजलं तरी आकडा त्या दगडाचा येत नाही, तव्याचा येतो. म्हणून अशा दगडांवर लाल ठिपका लावायचा आणि त्यांना गार गोंदानंच बसवायचं, थंडीत चोवीस तास लागले तरी. लाल ठिपका दिसला की तव्यापासून लांब, हा नियम कुणी केला? त्यानंच केला. नवी पोरं यायची त्यांना पहिल्या दिवशी तो हेच शिकवायचा, आणि एकदा एकाला यावरून रडेपर्यंत बोलला होता.

आणि तो शुक्रवार. थंडी कडाक्याची, गोंद संध्याकाळपर्यंत चिकट तो चिकटच. बाईंना चार काप शनिवारी सकाळी हवे होते. आणि शनिवारी सकाळी धाकटीची मुलाखत, त्याच कंपनीत, दोन तासांच्या अंतरावर. तिला पहाटे गाडीनं घेऊन जायचं होतं. तिनं कितीदा सांगितलं होतं की मी लहान नाही, पण मुलीनं अनोळखी गावी एकटीनं जायचं आणि आपण इथं गोंद वाळायची वाट बघत बसायचं, हे त्याच्यानं होईना. बाईंना एक दिवस मागितला असता तर त्यांनी हसून दिला असता. पण तोवरच्या सत्तावीस वर्षांत त्यानं कधी दिवस मागितला नव्हता, त्याचाही एक तोरा असतो. त्यानं चारी काचा तव्यावर ठेवल्या. पाचच मिनिटं, असं तो मोठ्यानं म्हणाला, खोलीत कुणी नसताना. गोंद दगडासारखा घट्ट झाला. सोमवारी बाई म्हणाल्या, "काय सुंदर बुडबुडे आहेत हो, प्रत्येक थेंबात," आणि कळूनही तो म्हणाला, "हो का?" एवढंच म्हणाला. बाईंनी मोजलं, आकडा चांगला चढा आला. म्हणजे भेगेतलं पाणी फार पूर्वीचं, दगड आणखी खोल आणि तापलेला होता तेव्हाचं, तेव्हाच भेग भरली आणि कायमची बंद झाली, असा निष्कर्ष निघाला. तो निष्कर्ष कंपनीला गेला. तिथून पुढं पाणी जिरवायचा बोअर झाला, पंप बसला, वस्तीला वीज आली, धाकटीला खोली मिळाली. पाच मिनिटांनी असं काय होतंय, असं तो स्वतःला सांगायचा, विशेषतः आंघोळ करताना, अंगावर गरम पाणी पडलं की.

बुधवारी तो स्टोअरमध्ये गेला. चाचणीच्या बोअरमधून काढलेल्या दगडांच्या कांड्या तिथं लाकडी खोक्यांतून झोपवलेल्या असतात, कुठल्या बोअरची, किती खोलीवरची, सगळं वर लिहिलेलं. खोऱ्यातल्या त्या चाचणी-बोअरच्या कांडीचा अर्धा भाग शिल्लक होता. "हे कशाला?" स्टोअरवाल्यानं विचारलं. "बघायचंय एकदा." "चार महिन्यांनी रिटायर होताय, आता तरी हात आखडता घ्या की. सरकारजमा झालेल्या दगडालाही तुम्ही चैन पडू देत नाही." त्यानं हसल्यासारखं केलं, वहीत सही केली आणि कांडी घेऊन आला. करड्या दगडातून करंगळीएवढी पांढरी रेघ गेली होती, ती भरलेली भेग. हातात ती कांडी गार लागत होती. त्यानं पातं अगदी हळू चालवलं, वरून पाण्याची धार मोठी ठेवून, म्हणजे कापतानाही ऊब लागू नये. गोंद कालवला, काप बसवला, खिडकीशी ठेवला आणि तव्याची पिन भिंतीतून काढून टाकली. आता वाट बघायची. हाताला काम नसलं की त्याला भीती वाटते, तशी वाटायला लागली. खालून, तळपायातून वर यायची ती.

ती भीती जुनी होती. लहानपणी ते तळमजल्याच्या एका खोलीत भाड्यानं राहायचे आणि त्याच्या खाटेशेजारच्या भिंतीला लोणा लागलेला होता. भिंतीतून पांढरी भुकटी फुलून यायची, आई चाकूनं ती खरवडून सुपलीत भरायची आणि महिनाभरात ती पुन्हा यायची. भिंत खालून पाणी पिते, आई म्हणायची, पिऊ दे, आपण पुसत राहायचं. त्याला झोपताना भिंतीच्या आत काहीतरी चाललंय असं वाटायचं. आवाज नव्हता, पण चाललंय. मग एका सुट्टीत वडिलांनी सिमेंट आणून ती सगळी बाजू गुळगुळीत करून टाकली. काय सुरेख झाली होती भिंत. येणारा जाणारा हात फिरवून बघायचा. वर्षभर कुठं एक डाग नाही. आणि एका दुपारी, तो शाळेत असताना, सिमेंटचा अख्खा पत्रा भिंतीपासून सुटून त्याच्या खाटेवर पडला. मागची विटांची माती पार ओली होऊन फुगली होती. उशी कुठं आणि सिमेंट कुठं ते कळत नव्हतं. वडील कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "वरून तर चांगली दिसत होती." आईनं झाडू घेतला. त्या रात्रीपासून तो खोलीच्या मध्यभागी झोपायला लागला, लग्नानंतरही कितीतरी वर्षं त्यानं पलंग भिंतीला लावू दिला नाही, आणि बायकोनं कारण विचारलं की म्हणायचा, वारा लागत नाही.

गुरुवारी दुपारी काप तयार झाला. बाई बैठकीला गेल्या होत्या. त्यांच्या खोलीत जाऊन त्यानं आधी तव्यावरची ती जुनी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, मनाला जरा आधार म्हणून. थेंब दिसले, आणि प्रत्येक थेंबात एक बुडबुडा, डोळ्यातल्या बाहुलीसारखा. मग नवीन काच सरकवली. तोच दगड, तीच पांढरी रेघ, तसेच थेंब, दाटीवाटीनं. त्यात बुडबुडा नव्हता. त्यानं काच थोडी पुढं सरकवली, मागं सरकवली. एकाही थेंबात नव्हता. सगळे नुसते भरलेले, काठोकाठ, गप्प. त्याला वाटलं आपण चष्मा विसरलोय, म्हणून हात लावून पाहिला तर चष्मा नाकावरच होता. म्हणजे ते पाणी पूर्वीचं नव्हतं. दगडात आज जेवढी ऊब आहे तेवढ्याच उबेत कोंडलेलं होतं ते. भेग केव्हाची बुजलेली नव्हती. ती उघडत होती, भरत होती, पुन्हा उघडत होती, तिचं जाणंयेणं चालूच होतं, आणि तिच्यात गेली तीन वर्षं रात्रंदिवस पाणी कोंबलं जात होतं. खुर्चीत बसावं म्हणून त्यानं हात मागं नेला तर खुर्ची त्याला सापडेना.

तिथूनच त्यानं धाकटीला फोन केला. कशासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं, तिचा आवाज ऐकावा म्हणून असेल. "पंप कसा चाललाय?" त्यानं विचारलं. "पंपाची कधीपासून चौकशी? मस्त चाललाय. उलट परवापासून तर लाडात आलाय. आधी पाणी ढकलायला किती दाब लागायचा, आता आपोआप उतरलाय. तेवढंच पाणी, पण कसं सुळकन आत जातं. साहेब एकदम खुशीत आहेत. म्हणाले सोमवारपासून पाणी वाढवू." "बाबा?" "हं." "चांगलंच आहे ना हे?" त्यानं आयुष्यभर दगडच पाहिले होते, पंप नव्हे, पण एवढं कळायला पंप कशाला कळायला हवा. दार ढकलायला जोर लागेनासा झाला तर दाराची कडी निघालेली असते. "तू बाहेर मोकळ्यात बसतेस ना पाळी नसताना?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "उन्हात कशाला बसू?"

बाई चारला आल्या. त्यानं दोन्ही काचा त्यांच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाला, "बघा जरा." बाईंनी पाहिलं. एक काच, दुसरी काच, पुन्हा पहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. बाईंचा चेहरा काही सांगत नव्हता, फक्त त्यांनी कानातलं हातानं फिरवायला सुरुवात केली. मग सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता त्या म्हणाल्या, "हा गोंद खराब निघाला असणार. तेव्हाची ती खेप. कालवताना जास्तच तापला असेल, होतं असं कधीकधी. हो ना?" तो समजला. बाई त्याला वाट काढून देत होत्या. तीस वर्षांचा स्नेह होता, त्याच्या थोरलीच्या लग्नात त्या दोन दिवस राबल्या होत्या. मान हलवली की झालं. गोंदाचा दोष. चार महिन्यांनी फुलांचा गुच्छ, दोन भाषणं, फ्रेम भिंतीवर तशीच. त्याच्या मानेत ती हलण्याची सुरुवात झालीसुद्धा होती. "म्हणजे मग त्या खेपेचे सगळेच काप तपासावे लागतील," बाई पुढं म्हणाल्या, "दोनेकशे असतील. कंपनीला तसं कळवते. ते म्हणतील आधी सगळं तपासा, मग बोला. महिना जाईल." महिना, तो मनात म्हणाला. आणि सोमवारी पाणी वाढणार.

"गोंद चांगला होता," तो म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "मी तवा लावला." बाईंनी आता डोळा काढला. "लाल ठिपका होता?" "होता. मीच चिकटवला होता." "किती वेळ?" "पाच मिनिटं." "सगळ्यांना?" "नाही, या चारच. त्या खेपेचे बाकीचे मी गारच केलेत. मला शनिवारी गावाला जायचं होतं." बाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्या घाबरल्या होत्या. त्याच्यासारख्याच. "तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. तो हो म्हणाला. "मी बुडबुडे सुंदर आहेत म्हटलं तेव्हाही." "हो." "हे मला लिहून द्यावं लागेल तुम्ही. आज, आत्ता." त्यानं टेबलावरचं पेन घेतलं आणि लिहिलं. तेवढ्या चार ओळी, त्या शनिवारसकट, लिहिताना त्याला एकदाही खाडाखोड करावी लागली नाही, चार वर्षं पाठच होत्या त्या. बाईंनी कागद वाचला आणि फोन उचलला. कंपनीतल्या माणसाशी बोलताना त्या एवढंच म्हणाल्या की पंप बंद करा, आधी बंद करा, कागद मागून पाठवते, आणि नाही, तज्ज्ञांची समिती नको, फक्त हे चार काप चुकलेत आणि कसे चुकले ते मला माहीत आहे. त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. त्याला ते फार लागलं.

घरी आला तेव्हा सहा वाजायचे होते. बायको म्हणाली, "आज लवकर? प्रयोगशाळेला आग लागली की काय?" आणि मग त्याचा चेहरा बघून तिनं पाण्याचा पेला भरून समोर ठेवला आणि जवळ बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर ती उठली, भिंतीवरची फ्रेम काढली, कुठं ठेवावी ते न सुचून हातात धरून उभी राहिली, आणि म्हणाली, "पोरीला आधी बोलवा घरी."

तेवढ्यात पोरीचाच फोन आला. "बंद केला पंप," ती म्हणाली. "पाचला. तुमच्या बाईंचा फोन होता म्हणे, मागून तुमचा कागदही आला. साहेबांनी सगळं सांगितलं आम्हाला." सगळं म्हणजे किती, हे त्यानं विचारलं नाही. "तू निघून ये," तो म्हणाला. "आत्ता निघ." "कशी येऊ? दाब हळूहळू उतरवायचाय, तीन माणसं लागतात आणि आम्ही तीनच आहोत. खाली शाळेत निरोप दिलाय, लोकांना मैदानात झोपायला सांगितलंय." मग तिनं विचारलं, "पंप बंद झाला म्हणजे आता थांबेल ना?" त्याला खोटं बोलता आलं असतं, जीभ तयार होती. "लगेच नाही," तो म्हणाला. "आत गेलेलं पाणी आपल्या वाटेनं जात राहतं. काही दिवस. कदाचित काही महिने." "बरं," ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, आणि त्याला आईची आठवण झाली, झाडू घेतलेली. "बाबा, तो शनिवार म्हणजे माझ्या मुलाखतीचा ना?" त्यानं समोरचा पेला जवळ ओढला. "मी म्हटलं होतं तुम्हाला. मी एकटी जाईन म्हणून."

त्याला उत्तर द्यायचं होतं. ओठही उघडले होते. पण फोनमध्ये तिच्या बाजूला काहीतरी खडखडलं, बशीतला चमचा असावा, मग दार, मग बरंच काही एकदम, आणि ती म्हणाली, "थांबा," आणि मग कुणाला तरी ओरडून, "बाहेर, बाहेर." धावण्याचे आवाज, कुणीतरी काहीतरी पाडल्याचा आवाज. बायकोनं त्याच्या खांद्याला घट्ट धरलं. मग मोकळ्यातला वारा फोनमध्ये शिरला आणि तिचा श्वास ऐकू आला. "झालं," ती म्हणाली. "संपलं. आम्ही बाहेर आहोत, तिघंही." तो समोरच्या पेल्याकडं बघत होता. पाणी स्थिर होतं. तो चमचा खडखडल्यापासून त्यानं मनात आकडे मोजायला घेतले होते, साठ किलोमीटर दगडातून यायला जेवढे लागतात तेवढे. मध्येच पाण्यावर कडं उमटलं, त्याच्या आत दुसरं, मग कडी राहिली नाहीत, पाणी काठावरून टेबलावर सांडलं आणि बायकोच्या हातातली फ्रेम तिच्या बांगड्यांवर वाजायला लागली. हे मंगळवारपेक्षा बरंच मोठं होतं.

"तुमच्याकडं पोचला का धक्का?" धाकटीनं विचारलं.

"पोचला," तो म्हणाला.